मुलांमधला क्रॅनिओफॅरिंजिओमा: गाठ किती काढायची हे ठरवण्याआधी

तुम्ही लिहिलं आहे की नऊ वर्षांच्या मुलीचं डोकं सहा-सात महिने दुखत होतं, सकाळी उठल्या उठल्या उलट्या व्हायच्या. आधी अ‍ॅसिडिटीचं औषध झालं, मग चष्म्याचा नंबर काढून झाला आणि शेवटी एमआरआयमध्ये साडेतीन सेंटिमीटरचा क्रॅनिओफॅरिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीजवळ होणारी गाठ, निघाला. एक न्यूरोसर्जन म्हणतात, सगळी काढून टाकू, कटकट मिटेल. दुसरे म्हणतात, जमेल तेवढी काढू आणि उरलेल्या गाठीला रेडिएशन देऊ. कॅन्सर नाही तर रेडिएशन कशाला, आणि ऑपरेशननंतर मुलगी पूर्वीसारखी होईल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी मुलांच्या हार्मोन्सच्या आजारांची डॉक्टर आहे. या गाठीचं ऑपरेशन मी करत नाही. पण ही मुलं ऑपरेशनच्या आधी माझ्याकडे येतात आणि नंतर मोठी होईपर्यंत येत राहतात. त्यामुळे त्या दिवशी थिएटरमध्ये घेतलेल्या निर्णयाचं दहा वर्षांनी काय होतं, ते मी ओपीडीत बघते. माझं मत आधीच सांगते. हायपोथॅलॅमस म्हणजे भूक, तहान, झोप सांभाळणारा मेंदूचा भाग. गाठ त्याला किती धरून आहे, यावर सगळं ठरतं. ती त्याला नुसती ढकलत असेल तर पूर्ण काढायचा प्रयत्न जरूर करावा. ती त्यात घुसली असेल, तर तेवढा भाग जागेवर ठेवून रेडिएशन द्या म्हणणारे सर्जन मला बरोबर वाटतात. दोन्ही सर्जनना हा एकच प्रश्न विचारा आणि एमआरआयच्या स्क्रीनवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

आता हे असं का, ते सविस्तर.

गर्भात पिट्युटरी, म्हणजे बाकीच्या हार्मोन ग्रंथींना आदेश देणारी ग्रंथी, तयार होत असताना तोंडाच्या छतापासून एक नलिका वर जाते आणि काम झालं की विरून जाते. तिच्या काही पेशी मागे राहिल्या, तर त्यांच्यापासून ही गाठ होते. म्हणजे तुम्ही काही खायला दिलंत किंवा द्यायचं राहिलं म्हणून ती झालेली नाही, आणि ती सहसा आनुवंशिकही नसते. क्रॅनिओफॅरिंजिओमा हे नाव हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये रूढ केलं. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला जेमतेम एक-दोन नवे रुग्ण, इतका हा आजार दुर्मिळ आहे. त्यातले सुमारे तीस ते पन्नास टक्के लहान वयातले, आणि मुलांमध्ये पाच ते चौदा हे वय नेमकं त्याचं. मुलांमध्ये जवळजवळ नेहमी अ‍ॅडमॅंटिनोमॅटस हा प्रकार असतो. यात बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेला असतो. मोठ्यांमध्ये पॅपिलरी नावाचा दुसरा प्रकारही आढळतो आणि त्यावर गोळ्यांचे उपचार निघाले आहेत. इंटरनेटवर 'गोळीने गाठ विरघळली' अशा बातम्या वाचल्या असतील, तर त्या पॅपिलरी प्रकाराच्या. तुमच्या मुलीला त्या गोळ्या लागू पडणार नाहीत, उगाच आशा लावून बसू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही गाठ ग्रेड १, म्हणजे सर्वांत सौम्य गटात मोडते. ती रक्तातून फुप्फुसात किंवा यकृतात पसरत नाही. त्रासाचं मूळ तिच्या जागेत आहे. वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, खाली पिट्युटरी, मागे-वर हायपोथॅलॅमस आणि दोन्ही बाजूंना मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या. गाठीचा बराचसा भाग पाण्याने भरलेल्या पिशवीचा असतो. आतलं पाणी इंजिन ऑइलसारखं काळपट-तपकिरी, कोलेस्टेरॉलच्या चकाकत्या कणांनी भरलेलं. भिंतीत चुन्याचे कण साचलेले. आणि गाठीची कड गुळगुळीत नसते, शेजारच्या मेंदूत ती बोटं घातल्यासारखी शिरलेली असते. ती बोटं ओढून काढताना शेजारच्या चांगल्या पेशी त्यांच्यासोबत निघून येतात. सगळा वाद तिथे आहे.

निदान उशिरा का झालं, याचा सल तुमच्या पत्रात जाणवतो. डोकेदुखी आणि उलट्या या गाठ मोठी झाल्यावरच्या, मेंदूतल्या पाण्याचा रस्ता अडल्यावरच्या गोष्टी. खरा इशारा त्याच्या कितीतरी आधी, पुष्कळदा वर्ष-दोन वर्षं आधी मिळालेला असतो, तो उंचीत. चार-पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल दरवर्षी साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारपेक्षा कमी वाढ म्हणजे चौकशी हवीच. शाळेच्या आरोग्य तपासणीतले जुने आकडे मिळाले तर घेऊन या. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यावर ते ठिपके मांडले की बऱ्याच मुलांची रेष सरळ वर जाता जाता एका वर्षी आडवी होताना दिसते. तेव्हा घरात सगळे म्हणत असतात, आईच्या वळणावर गेली, बुटकीच राहणार. त्याच सुमारास काहींचं वजनही चढू लागतं. उंची थांबली आणि वजन वाढतंय हे एकत्र दिसलं, की ते जास्त खाण्याचं लक्षण समजून मुलाला रागवायचं नाही, हार्मोन तपासायचे.

दुसरा इशारा डोळ्यांचा. दोन्ही बाजूंची बाहेरची नजर हळूहळू जाते, पण मुलाला ते कळत नाही, कारण समोरचं दिसत असतं. ते दाराच्या चौकटीला खांदा आपटतं, ताटात उजव्या-डाव्या कडेला ठेवलेली चटणी त्याला दिसत नाही, वहीच्या समासाजवळचा मजकूर सुटतो. शाळेतून 'लक्ष नाही' अशी तक्रार येते. चष्म्याच्या दुकानात फक्त समोरचा तक्ता वाचून घेतात, त्यात हे सापडत नाही. तिसरा इशारा पाण्याचा. रात्री उठून उठून पाणी पिणं, लघवीला जाणं, सुकं राहणारं अंथरूण पुन्हा ओलं होणं. हे वाचणाऱ्या बालरोग तज्ज्ञांनाही माझी विनंती आहे की डोकेदुखीच्या प्रत्येक मुलाची उंची मोजा आणि जुन्या नोंदीशी ताडून बघा. त्याला एक मिनिट लागतं.

आता ऑपरेशनआधीच्या तपासण्या. कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय झाला आहे, तरी साधा सीटी स्कॅनही लागतो. मुलांमध्ये दहापैकी नऊ गाठींत चुना असतो आणि तो एमआरआयपेक्षा सीटीवर स्पष्ट दिसतो. चुना, पाण्याची पिशवी आणि कॉन्ट्रास्टने उजळणारी भिंत, हे तिन्ही असलं की निदानात फारशी शंका उरत नाही. चित्र वेगळं असेल तर रक्तातलं एएफपी आणि बीटा-एचसीजी, म्हणजे काही गाठींची खूण देणारे दोन घटक, बघतात. याच जागी होणाऱ्या जर्म सेल गाठीचे उपचार अगदी वेगळे असतात, म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टीचं क्षेत्र, पडदा आणि नसेची तपासणी ऑपरेशनआधी झालीच पाहिजे, नाहीतर नंतर किती सुधारलं ते कोणालाच सांगता येणार नाही.

रक्ताच्या तपासण्यांत माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. थायरॉइडसाठी नुसतं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला आदेश देणारं पिट्युटरीचं हार्मोन, बघून 'नॉर्मल आहे' म्हणू नये. इथे बिघाड वरच्या केंद्रात असतो, टीएसएच नॉर्मल दिसतं आणि फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, कमी निघतं. दुसरी गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीर सावरणारं हार्मोन, कमी असेल तर आधी त्याची भरपाई करणारं हायड्रोकॉर्टिसोन सुरू करायचं आणि मगच थायरॉइडची थायरॉक्सिन गोळी. उलट क्रमाने दिलं तर मूल शॉकमध्ये जाऊ शकतं. हायड्रोकॉर्टिसोन सुरू केल्यावर अचानक लघवी भरपूर होऊ लागली तर घाबरू नका. शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या हार्मोनची आधीपासूनची कमतरता कॉर्टिसॉलच्या अभावामुळे झाकली गेली होती, ती आता उघडी पडली, इतकंच. डॉक्टरांना मात्र लगेच कळवा.

वेळ किती आहे? मुलगी गुंगीत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा नजर दिवसागणिक जात असेल, तर आज रात्रीच इमर्जन्सीत न्या. मेंदूतलं साचलेलं पाणी बाहेर काढणं किंवा गाठीच्या पिशवीत बारीक नळी घालून दाब कमी करणं हे त्या वेळी मोठ्या ऑपरेशनच्या आधी करता येतं. तसं काही नसेल तर आठ-दहा दिवस घेऊन दुसरं मत विचारल्याने नुकसान होत नाही.

आता मूळ प्रश्न. एके काळी पूर्ण काढणं हेच ध्येय होतं आणि त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. थोडी ठेवली आणि रेडिएशन दिलं नाही, तर निम्म्याहून अधिक मुलांत गाठ पुन्हा वाढते. पण पूर्ण काढलेल्यांतही काहींना ती परत येते. आणि ज्यांचा हायपोथॅलॅमस खरवडला गेला, त्या मुलांचं पुढचं आयुष्य फार कठीण जातं. भूक न शमणं, दिवसा झोप, तहान न कळणं, राग न आवरणं, स्मरणशक्ती कमी होणं. स्कॅन स्वच्छ आणि मूल हरवलेलं, असे रुग्ण बघितल्यावर जगभरच्या सर्जननी पद्धत बदलली. पॅरिसच्या नेकर रुग्णालयातल्या स्टेफानी प्यूजे आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एमआरआयवरून तीन पायऱ्या मांडल्या. शून्य म्हणजे हायपोथॅलॅमस मोकळा, एक म्हणजे तो दबलेला पण ओळखू येणारा, दोन म्हणजे गाठीत तो वेगळा दिसतच नाही. 'दोन' या पायरीवर गाठीचा हायपोथॅलॅमसमधला भाग सोडून द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. तसं केलेल्या मुलांच्या सुरुवातीच्या पाठपुराव्यात अति भूक आणि टोकाचा लठ्ठपणा आढळला नाही. तुमच्या मुलीच्या रिपोर्टवर ही पायरी लिहिलेली नसेल, तर रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या.

वाट कोणती, नाकातून दुर्बिणीने की कवटी उघडून, हे गाठीच्या बैठकीवर आणि सर्जनच्या हातावर अवलंबून आहे. गाठ मध्यरेषेत आणि खाली असेल तर नाकातून डोळ्यांच्या नसा न हलवता खालून पोचता येतं. लहान मुलांत नाकामागची हाडाची पोकळी अजून भरीव असते, वाट अरुंद असते आणि नंतर नाकातून मेंदूतलं पाणी झिरपण्याचा धोका असतो. तरी अनुभवी टीम हे करतात. 'नाकातून करतात का' यापेक्षा 'मुलांचे क्रॅनिओफॅरिंजिओमा नियमित करतात का, आणि आयसीयूत मुलांचा एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचा डॉक्टर, आहे का' हे विचारा.

रेडिएशनबद्दल. कॅन्सर नसलेल्या गाठीलाही ते देतात, कारण उरलेल्या पेशींची वाढ त्याने थोपते. अर्धवट काढून रेडिएशन दिलेल्या मुलांमध्ये गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण पूर्ण काढलेल्यांच्या जवळपास येतं. एकूण मात्रा साधारण ५० ते ५४ ग्रे (किरणांचं माप), रोज थोडं थोडं, आठवड्यातले पाच दिवस, सुमारे सहा आठवडे. त्याचे तोटे खरे आहेत. पिट्युटरी हळूहळू मंदावते, अभ्यासाचा वेग कमी होऊ शकतो, क्वचित रक्तवाहिन्या अरुंद होतात किंवा वर्षांनंतर दुसरी गाठ होते. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांत शक्यतो पुढे ढकलतात. तुमची मुलगी नऊची आहे, ती अडचण तिला नाही. प्रोटॉन किरणांनी आजूबाजूच्या निरोगी मेंदूला कमी मात्रा बसते. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाने २०२३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत मर्यादित शस्त्रक्रियेसोबत प्रोटॉन दिल्यावर गाठीवरचं नियंत्रण नेहमीच्या किरणांइतकंच राहिलं आणि बौद्धिक घसरण कमी झाली. भारतात ही सोय चेन्नईला २०१९ पासून आणि टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात २०२३ पासून आहे. नाही जमलं तर चांगल्या मशीनवरचं नेमकं आखलेलं नेहमीचं रेडिएशनही चालतं. प्रोटॉनसाठी महिनोन्‌महिने थांबून नजर गमावू नका. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या की रेडिएशन चालू असताना पाण्याची पिशवी तात्पुरती फुगू शकते. त्यासाठी मध्ये मध्ये स्कॅन होतात. ते उपचार फसल्याचं लक्षण नव्हे.

ऑपरेशननंतरचे पहिले दहा-बारा दिवस पाण्याचे आणि सोडियमचे. नर्स दर तासाला युरोबॅगमधली लघवी मोजून लिहिते. पंचवीस किलोच्या मुलीला तासाला शंभर मिलिलिटरच्या वर, पाण्यासारखी पांढरी लघवी सलग होऊ लागली आणि रक्तातलं सोडियम १४५ च्या पुढे गेलं, तर पाणी धरून ठेवणाऱ्या हार्मोनच्या जागी दिलं जाणारं डेस्मोप्रेसिन लागतं. मग चौथ्या-पाचव्या दिवसानंतर उलटा खेळ सुरू होऊ शकतो. लघवी अचानक कमी होते, घरचे सुखावतात, आणि तेव्हाच सोडियम घसरून झटके येण्याचा धोका असतो. त्या वेळी डेस्मोप्रेसिन थांबवून पाणी मोजूनच द्यावं लागतं. त्यानंतर बहुतेकांना या हार्मोनची कायमची कमतरता राहते. 'मुलीला पाणी पाजा, अशक्त झालीय' म्हणणारे नातेवाईक या काळात वॉर्डच्या बाहेरच बरे.

घरी गेल्यावर डेस्मोप्रेसिनची गोळी ठरल्या वेळी द्यायची, पण पुढची गोळी देण्याआधी दिवसातून एकदा तरी लघवी मोकळी होऊ द्यायची, म्हणजे अंगात पाणी साचत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका आईची चौकडीची वही आहे. डावीकडे किती पाणी प्यायली, मध्ये किती लघवी, उजवीकडे सकाळचं वजन. त्या मुलीला तहानच कळत नाही, म्हणून पाणी घड्याळावर दिलं जातं. एका रात्रीत वजन पाऊण किलो उतरलेलं दिसलं तेव्हा आईने लॅबमध्ये नेऊन सोडियम तपासलं, ते १५२ होतं. मुलगी मात्र खेळत होती. तुम्हीही अशी वही आजच घ्या.

हायड्रोकॉर्टिसोन हे या सगळ्यातलं जीव वाचवणारं औषध. एकही दिवस चुकवायचं नाही. ताप १००.४ च्या वर गेला की डोस दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट, असं साधारण ठरवतात. तुमच्या डॉक्टरांकडून आकडे लिहून घ्या. उलटीमुळे गोळी टिकत नसेल, मुलगी लुळी-गुंगीत वाटली किंवा मोठा अपघात झाला, तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन स्नायूत, तिच्या वयाला सहसा ५० मिलिग्रॅम, आणि मग हॉस्पिटल. हे इंजेक्शन आई-वडील दोघांनी शिकून घ्यायचं. घरात एक, शाळेत एक. मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं कार्ड दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवा. वर्गशिक्षिकेला प्रत्यक्ष भेटून समजवा, नुसती चिठ्ठी पाठवू नका. पाणी प्यायला आणि लघवीला कधीही सोडायचं, हेही तेव्हाच सांगा. वाढीचं हार्मोन गाठ स्थिर आहे याची खात्री पटल्यावर सुरू करतात, बरेच जण वर्षभर थांबतात. त्याने गाठ परत येते ही भीती आजवरच्या पाठपुराव्यात खरी ठरलेली नाही.

वजनाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आई-वडिलांना सर्वांत जास्त हेच छळतं. ही मुलं सुमारे निम्म्याच्या आसपास लठ्ठ होतात आणि वजन चढतं ते पहिल्या सहा महिने ते वर्षभरात. पोट भरल्याचा निरोप मेंदूत पोचत नाही आणि शरीर ऊर्जाही कमी जाळतं. म्हणजे शेजारच्या मुलीइतकंच खाऊनही हिचं वजन वाढतं. कृपा करून तिला अधाशी म्हणू नका, कोणाला म्हणू देऊ नका. ताट आधीच वाढून समोर ठेवा, पातेली टेबलावर नकोत. खाऊचे डबे नजरेआड. कपाटाला कुलूप लावावं लागलं तरी लावा, पण तिला सांगून, शिक्षा म्हणून नव्हे. आजी-आजोबांना पहिल्या महिन्यातच विश्वासात घ्या. ऑपरेशननंतर दर महिन्याला वजन करा. हायड्रोकॉर्टिसोनचा डोस गरजेपेक्षा जास्त तर नाही, थायरॉक्सिन पुरेसं आहे ना, रात्रीची झोप नीट आहे ना, हे तपासायला मला ते आकडे लागतात. औषधांमध्ये आजवर फार ठोस काही हाती नव्हतं. भूक आवरणाऱ्या सेटमेलानोटाइड या औषधाच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे २०२५ मधले निकाल मात्र चांगले आहेत, आणि बऱ्याच वर्षांनी मला या बाबतीत आशा वाटते आहे.

पूर्वीसारखी होईल का? जगण्याच्या दृष्टीने बहुतेक मुलं दहा वर्षांनंतरही आपल्यात असतात आणि शिकतात, नोकऱ्या करतात. रोजची औषधं मात्र बहुधा जन्मभर. नजर किती परत येते ते नस किती काळ दबली होती त्यावर आहे. एमआरआय पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाला. गाठ परतायची असेल तर बहुधा पहिल्या काही वर्षांत परतते. खर्चासाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा.

मुलीच्या पाळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रत्येक आईच्या मनात ते असतं. अकरा-बाराव्या वर्षी आपोआप सुरुवात झाली नाही तर इस्ट्रोजेन अगदी कमी मात्रेत सुरू करून दोनेक वर्षांत वाढवत नेतात, मग प्रोजेस्टेरॉन जोडतात आणि पाळी येते. तिचं गर्भाशय आणि बीजांडं निरोगी आहेत, बिघाड त्यांना आदेश देणाऱ्या ग्रंथीत आहे. म्हणून पुढे मूल हवं असेल तेव्हा इंजेक्शनांनी बीज तयार करता येतं. त्या वयात तिची फाइल मोठ्यांच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जाईल. आजपासूनचा प्रत्येक एमआरआय सीडीसकट, ऑपरेशनची नोट, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि रेडिएशनचा आराखडा एका फाइलमध्ये लावून ठेवा, आणि मोबाइलमध्ये त्यांचे फोटोही काढून ठेवा.